मोटारीची चावी : प्रकार आणि बदली

मोटारीची चावी म्हणजे गाडीचे दार व डिकी उघडणारे आणि इंजिन चालू करू देणारे साधन. दिसायला ती एकच वस्तू असली, तरी आजच्या बहुतेक चाव्यांत तीन स्वतंत्र गोष्टी एकत्र बसवलेल्या असतात : कुलपात फिरणारे धातूचे पाते, इंजिनाला ओळख पटवणारी चिप आणि दुरून दार उघडणारे रिमोट. चावी बिघडली की यांपैकी नेमके काय गेले हे आधी ठरवावे लागते, कारण तिन्हींचे कारागीर वेगळे आणि दरही वेगळे. चावी हरवली असेल तर मात्र पहिला प्रश्न एकच : गाडीची दुसरी चालती चावी हातात आहे का? असेल तर काम सहसा तासाभरात उरकते. नसेल तर गाडी टोइंगवर चढवण्यापर्यंत पाळी येते.

सुरुवातीच्या मोटारींना चावी नव्हतीच. पुढे उभे राहून हँडल मारले की इंजिन चालू होई. नंतर आलेली चावी फक्त विजेचा प्रवाह चालू-बंद करी, स्टार्टरचे बटण वेगळे असे. चावी फिरवताच स्टार्टरही फिरेल ही सोय क्रायस्लर कंपनीने 1949 मध्ये आणली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी ही साध्या चावीच्या जमान्यातली मुंबईची गाडी. काळी-पिवळी म्हणून ती बहुधा दोन पाळ्यांत चाले. दिवसाचा ड्रायव्हर रात्रीच्याच्या हातात चावी ठेवून घरी जाई. वर्षानुवर्षे वापरून इग्निशन इतके झिजे की भलत्याच गाडीची चावीही त्यात फिरल्याचे किस्से टॅक्सीवाले रंगवून सांगत. पद्मिनीची शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून उतरली.

साधी चावी : हिला चिप नसते. मोटारीच्या कुलपात घराच्या कुलपासारख्या पिना नसून पातळ पितळी पत्र्या असतात. चावीच्या खाचा बरोबर असल्या की सगळ्या पत्र्या एका पातळीत येतात आणि कुलूप फिरते. दोन्ही कडांना सारखेच दाते कापलेले असल्याने बहुतेक चाव्या कशाही घातल्या तरी चालतात. या चावीची नक्कल करणारा चावीवाला मुंबईत जवळपास प्रत्येक मोठ्या स्टेशनाबाहेर सापडतो. त्याच्या यंत्रात शेजारी शेजारी दोन चिमटे असतात. एकात जुनी चावी, दुसऱ्यात कोरी ब्लँक. एक टोक जुन्या चावीच्या दात्यांवरून सरकते, तसे दुसरीकडचे चक्र ब्लँकवर तेच दाते कापते. मग तारेच्या ब्रशवर घासून बारीक कूस काढली की चावी तयार. दोष एवढाच की यंत्र झीजही इमानेइतबारे उतरवते. दहा वर्षे वापरलेल्या चावीवरून काढलेली नक्कल पहिल्या दिवसापासून दहा वर्षे जुनी असते, आणि नकलेवरून काढलेली नक्कल तर कुलपात अडकून मोडायलाच बसलेली. म्हणून कपाटात न वापरता ठेवलेली मूळ चावी नमुना म्हणून न्यावी.

नमुनाच नसेल तर खरा कारागीर कळतो. तो ब्लँकला मेणबत्तीची काजळी धरतो, कुलपात घालून दोन्ही बाजूंना जोर देऊन हलवतो आणि बाहेर काढून उन्हात तिरकी करून बघतो. पत्र्या जिथे टेकल्या तिथे काजळी पुसून बारीक ठिपके उमटलेले असतात. तेवढ्याच जागी कानशीचे दोन हात मारायचे, पुन्हा काजळी, पुन्हा कुलपात. ठिपका उमटेनासा झाला की ती खाच पुरी झाली. हे काम ऐकून शिकता येत नाही. बोटांना पत्रीची धडक कळावी लागते. घाई करणाऱ्याच्या हातून ब्लँक तरी फुकट जाते, नाहीतर आत मोडून बसते आणि मग सगळा लॉकसेट, म्हणजे गाडीची कुलपे आणि चाव्यांचा संच, बदलावा लागतो.

लेझर कट चावी : हिचे पाते जाड असते आणि कड सपाट, नागमोडी खोबण पात्याच्या अंगावर कोरलेली असते. नाव लेझरचे असले तरी ती कापली जाते उभ्या मिलिंग यंत्राच्या बारीक कटरने. फुटपाथवरच्या साध्या यंत्राचा इथे उपयोग नाही. गाडीबरोबर एका छोट्या पट्टीवर चावीचा नंबर मिळतो. त्या नंबरावरून कंपनी किंवा संगणकावर चालणारे यंत्र असलेला दुकानदार मूळ मापाची चावी कापून देऊ शकतो. ही पट्टी लोक चावीच्या रिंगलाच लावून फिरतात आणि चावीसकट हरवतात. तिचा फोटो काढून पट्टी घरच्या कागदपत्रांत ठेवावी.

चिपची चावी : चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी किंवा छोटा काळा ठोकळा असतो, हीच ट्रान्सपाँडर चिप. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवतीच्या वेटोळ्यातून साधारण 125 किलोहर्ट्‌झचे चुंबकीय क्षेत्र निघते, त्यावर चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. गाडीतल्या इमोबिलायझरला ती पटली तरच इंजिनाला इंधन किंवा स्टार्टर मिळतो. युरोपीय संघाने 1998 पासून नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची केली. आपल्याकडे मारुतीने ती आयकॅट्स या नावाने घरोघर पोचवली. रस्त्यावर कापलेल्या बिनचिपच्या चावीने दार उघडते, चावी फिरतेही, पण इंजिन एक तर चालू होत नाही किंवा क्षणभर धडधडून बंद पडते आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकत राहतो. हे पाहून गाडीतला इंधनाचा पंप बिघडला म्हणून गाडी गॅरेजात नेणारे कमी नाहीत. चिप म्हणजे अभेद्य तटबंदी असेही नाही : टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या 40 बिटी चिपचे कूट जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी 2005 मध्येच फोडून दाखवले होते. तरीही तार जोडून गाडी पळवणाऱ्या चोराला तिने आळा घातला, हे खरे.

रिमोट : बटण दाबल्यावर साधारण 433 मेगाहर्ट्‌झवर जाणारा संदेश दर वेळी बदलतो, त्यामुळे हवेतून पकडलेला जुना संदेश पुन्हा वाजवून दार उघडत नाही. रिमोट आणि चिप एकाच डबीत असले तरी बहुतेक चाव्यांत एकमेकांवर अवलंबून नसतात. बॅटरी संपली तर बटण मरते, इंजिन मात्र चालू होते. फुटलेले कव्हर बदलताना होणारा घोटाळा इथलाच. नव्या कव्हरात रिमोटच्या सर्किटची हिरवी पट्टी आणि बॅटरी जाते, पण जुन्या कव्हराच्या कोपऱ्यात बसवलेली चिप तशीच कचऱ्यात जाते. मग शंभर-दोनशे रुपयांचे कव्हर हजारांत पडते. कव्हर समोर बसून बदलून घ्यावे आणि चिप कुठे गेली ते डोळ्यांनी पाहावे. भर पावसात चावी पाण्यात पडली तर आधी बॅटरी काढावी. बटणे दाबून चालतेय का हे बघत बसू नये. जुहूला समुद्राचे पाणी लागले असेल तर पट्टी लगेच गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी, नाहीतर खारामुळे दोन दिवसांत तिच्यावर हिरवट बुरशीसारखा गंज चढतो.

स्मार्ट की : खिशातली चावी जवळ आल्याचे गाडीला कळते आणि इंजिन बटणावर चालू होते. मर्सिडीझने ही सोय 1990 च्या दशकाअखेरीस आणली. आता ती मध्यम किमतीच्या गाड्यांतही असते. बॅटरी संपली म्हणून लोक उगाच हतबल होतात. डबीच्या कडेला असलेली कळ सरकवली की आतून लहान धातूची चावी निघते, तिने दार उघडते. मग डबी स्टार्ट बटणाला चिकटवून किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी ठेवून, ब्रेक धरून स्टार्ट बटण दाबले की इंजिन चालू होते, कारण आतली चिप बॅटरीवाचूनही वाचता येते. काही गाड्यांत धातूच्या चावीचे भोक दाराच्या मुठीवरील झाकणाखाली लपवलेले असते. ते अडचण येण्याआधीच शोधून ठेवलेले बरे. या चावीचा वेगळा धोका म्हणजे रिले चोरी : एक जण घराच्या दाराजवळ आणि दुसरा गाडीपाशी उभा राहून चावीचा संदेश लांबवतात, आणि चावी घरातच असताना गाडी उघडते. चावी झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

विजेवर चालणाऱ्या लॉकची दुसरी बाजू मुंबईने 26 जुलै 2005 रोजी पाहिली. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, पाण्यात अडकलेल्या गाड्यांची दारे-काचा उघडल्या नाहीत आणि आत अडकून माणसे दगावली. गाडीत हातोडी ठेवण्याची सवय अनेक मुंबईकरांना तेव्हापासून लागली.

बदली : एक चालती चावी असेल तर चिपचे क्लोनिंग किंवा नव्या चिपची गाडीत नोंदणी, यांपैकी एक करतात. क्लोनिंगमध्ये नवी चिप जुनीची हुबेहूब नक्कल असते, गाडीला फरक कळत नाही. नोंदणीत गाडीतले बिघाड तपासण्याच्या (डायग्नॉस्टिक) सॉकेटला यंत्र जोडून नवी चावी शिकवली जाते; याला बाजारात कोडिंग म्हणतात. सगळ्या चाव्या गेल्या असतील तर गाडीच्या इमोबिलायझरचा गुप्त पिन लागतो, आणि काही गाड्यांत इमोबिलायझरचा संगणक काढून त्याची मेमरी वाचावी लागते. शोरूमचा रस्ता खात्रीचा पण संथ असतो : मालकाने स्वतः जायचे, आरसी आणि ओळखपत्र द्यायचे, पैसे आगाऊ भरायचे आणि चावी कारखान्यातून येण्याची वाट पाहायची. शेवरोलेने भारतातली विक्री 2017 अखेर थांबवली आणि फोर्डने 2021 मध्ये इथले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा गाड्यांचे मालक बाहेरच्या कोडिंगवाल्यांकडे जास्त वळतात. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात किंवा कुर्ला-कालिन्याच्या सीएसटी रोडवर चौकशी केली की अशा माणसाचा पत्ता मिळतो, आणि बरेच जण यंत्र घेऊन गाडीपाशीच येतात. निवडताना एक कसोटी पुरते : आरसी न मागता काम करायला तयार होणाऱ्याकडून चावी करू नये. तो उद्या तुमच्या गाडीची चावी दुसऱ्या कोणालाही करून देईल.

हरवलेली चावी गाडीच्या मेमरीतून पुसून घेणे हे बदलीइतकेच महत्त्वाचे, आणि नेमके तेच राहून जाते. पुसल्यावर त्या चावीने इंजिन चालू होत नाही. दार मात्र उघडू शकते, कारण धातूचे पाते तेच आहे. चावी गाडीच्या नंबरासकट चोरीला गेली असेल तर लॉकसेटच बदलावा. सेकंडहँड गाडी घेताना किती चाव्या नोंदलेल्या आहेत हे स्कॅनरवर पाहून, हातात आल्या तेवढ्याच ठेवायला सांगाव्यात.

विमा : गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. मुंबईत इथे घोळ होतो तो पार्किंगमुळे. सोसायटीत गाड्या एकामागे एक लावाव्या लागतात, म्हणून पुढची गाडी निघावी यासाठी मागच्याची एक चावी वॉचमनच्या केबिनमधल्या खिळ्यावर टांगलेली असते. वॉचमन बदलतो, खिळा राहतो, चावी कधी गेली हे कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे चावी हरवल्याचे लक्षात येताच मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूची नोंद करून पोच जपून ठेवावी. दाव्याच्या वेळी खुलासा म्हणून ती उपयोगी पडते. चावी बदलण्याचा खर्च देणारे जादा विमा कवचही मिळते, मात्र त्यालाही तक्रारीची प्रत लागते.

डिजिटल चावी : फोन किंवा पातळ एनएफसी कार्ड दाराच्या मुठीला टेकवून गाडी उघडण्याची सोय आता भारतातही आली आहे, ह्युंदाईच्या 2024 च्या अल्काझारमध्ये ती आहे. फोन हरवला तर ही चावी रद्द करता येते आणि घरच्या दुसऱ्या माणसाला काही काळापुरती देताही येते. गाडी लावून देणाऱ्या व्हॅलेकडे फोन सोपवता येत नसल्याने कार्ड किंवा नेहमीची चावी मात्र जवळ बाळगावीच लागते.