परंडा-भूमच्या वहीतला कॅन्सर

1987 सालापासून बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाची माणसं वह्या घेऊन खेडोपाडी फिरू लागली. बार्शी सोलापूर जिल्ह्यात येतं, पण या वहीत परंडा आणि भूम हे मराठवाड्यातले दोन तालुकेही होते. तिन्ही मिळून साडेतीनशेच्या आसपास गावं. गावात जायचं, सरपंचांना, मास्तरांना भेटायचं आणि विचारायचं: कुणाच्या तोंडात बरी न होणारी जखम आहे का, कुणाच्या छातीत गाठ, कुणाच्या अंगावरून जायचं थांबत नाही का? सापडेल त्याला तपासणीला आणायचं, निदान झालं की नोंद करायची. देशातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी.

एवढा खटाटोप कशाला? रुग्णालयाचं रजिस्टर होतंच की. पण रुग्णालयाच्या रजिस्टरात फक्त एसटीचं भाडं जमवून तिथवर पोचलेले येतात. जे घरीच गेले ते कुठंच नसतात.

या मोजणीतून दोन गोष्टी कळल्या. बायकांमध्ये सगळ्यांत जास्त आढळत होता गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. दुसरी गोष्ट जरा गमतीची. नुसतं विचारत फिरल्यामुळे बायका आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. मोजायला गेलेल्यांनी नकळत थोडा उपचारही केला होता.

आता हा कॅन्सर होतो कसा ते पाहू. शरीरसंबंधातून पसरणारा एचपीव्ही नावाचा विषाणू त्याच्या मुळाशी असतो, हे दाखवणारे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं. संसर्ग इतका सर्रास आहे की तो होण्यात कुणाच्या चारित्र्याचा काही संबंध नाही. हे गावात मोठ्यानं सांगायला हवं. बहुतेकींचं शरीर एक-दोन वर्षांत तो निपटून टाकतं. काहींच्यात मात्र तो ठाण मांडतो. त्याच्या बऱ्याच प्रकारांपैकी 16 आणि 18 हे दोनच प्रकार सुमारे 70 टक्के कॅन्सरना जबाबदार आहेत. पेशी बिघडली की तिची वाढ रोखणारी दोन प्रथिनं आपल्याकडे असतात. विषाणू नेमकं त्यांनाच निकामी करतो. तरीही पुढं कॅन्सर व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. इतकी सवड देणारे कॅन्सर थोडे.

ती सवड वापरायची तर बिघाड आधी दिसला पाहिजे. रीती तीन. पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, ही पॅप चाचणी. पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे साधारण व्हिनेगरच, लावून मिनिटभरात पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी पाहायचं. किंवा थेट विषाणूच शोधायचा. खेड्यात यातली कुठली चालेल, यावर तज्ज्ञांचं एकमत नव्हतं.

1999 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्सच्या लिऑनमधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून हा प्रश्न तडीस लावायला घेतला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायका, गावांचे 52 समूह. कुठला समूह चार गटांपैकी कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. तीन गटांना एकेक चाचणी, चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा. चाचणी आयुष्यात एकदाच, आणि मग आठ वर्षं लक्ष ठेवायचं. 2009 साली निकाल छापून आला. विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरनं 34 मृत्यू, चौथ्या गटात 64. बाकी दोन चाचण्यांमुळे मृत्यूंत ठामपणे म्हणता येईल अशी घट दिसली नाही.

कारण समजायला अवघड नाही. पॅपमध्ये पेशी वाचणारी नजर तयार असावी लागते, व्हिनेगरमध्ये सिस्टरचा डोळा. विषाणूच्या चाचणीत त्याच्या डीएनएला जुळणारा आरएनएचा तुकडा चिकटतो, ती जोडी पकडली जाते, त्यातून प्रकाश निघतो आणि तो यंत्र मोजतं. मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा आकडा: ज्यांच्यात विषाणू सापडला नाही, त्यांना पुढं कॅन्सर होण्याचं प्रमाण वर्षाला लाखात 3.7 इतकंच होतं. पॅप आणि व्हिनेगरमध्ये ‘काही नाही’ असं सांगितलेल्यांत ते 15 ते 16 होतं.

चौथ्या गटाबद्दल पुढं आक्षेप घेतले गेले. तपासणीचा उपयोग माहीत असताना एवढ्या बायकांना तिच्याविना का ठेवलं? नेहमीच्या सेवेत तशीही तपासणी नव्हती, हे उत्तर खरं आहे. पण त्या 64 मृत्यूंकडे पाहताना ते मला अपुरं वाटतं.

‘तुला काही नाही’ असं खात्रीनं सांगता येणं मराठवाड्यात किती गरजेचं आहे, हे बीडनं दाखवलं. 2019 मध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. शासनाच्या समितीच्या पाहणीत 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की पैसे कापले जातात, हे एक कारण. दुसरं म्हणजे ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ ही भीती. वास्तविक पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साध्या संसर्गाचं लक्षण असतं आणि गोळ्यांनी बरं होतं. विषाणू सापडून पेशी बिघडू लागल्या असल्या तरी अनेकदा तेवढा भाग गोठवून काढता येतो. काही मिनिटांचं काम, पिशवी जागच्या जागी.

कॅन्सर पुढं गेला असेल तर मात्र मोठं केंद्र लागतंच. छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. आधी तुकडा तपासायचा, टप्पा ठरवायचा, मग बाहेरून साधारण पाच आठवडे किरणांचा शेक, सोबत दर आठवड्याला औषध आणि शेवटी किरणांचा स्रोत थेट आत ठेवून उपचार. हे सगळं आठ आठवड्यांत उरकावं लागतं; लांबलं तर गुण कमी येतो. सोयाबीन काढणीला म्हणून मधेच गावी गेलेली बाई परत येईल, यासाठी फोन करत राहणारा समाजसेवकही म्हणूनच उपचाराचा भाग असतो.

आणि वही? आता धाराशिव-बीडचीही नोंदणी आहे. 2020 च्या राष्ट्रीय अहवालात कॅन्सरचं प्रमाण देशात सगळ्यांत कमी इथंच दिसलं: वयाचा फरक जुळवून घेतल्यावर लाख पुरुषांत 39.5, तर आयझॉलमध्ये 269.4. यातलं किती आपल्या भाकरीचं आणि राहणीचं श्रेय, आणि किती अजून वहीपर्यंत न पोचलेली माणसं, असा प्रश्न मला पडतो. 2022 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्हीची देशी लस जाहीर झाली. आज ती घेणाऱ्या परंड्यातल्या मुलीला तिचा काय उपयोग झाला, हे वीसेक वर्षांनी याच नोंदींत दिसेल.