बारा महिन्यांची नेमणूक आणि तुटलेली सोबत

सैनिकांच्या मानसिक ताणाचा इतिहास पहिल्या महायुद्धातल्या खंदकांपासून सांगायची रीत आहे. इथे त्यातलं एवढंच पुरे: खचलेल्या जवानाला मागे दूर न धाडता आघाडीजवळच, लगेच आणि 'तू परत तुकडीत जाणार' या भरवशावर उपचार द्यावेत, हे १९१७च्या सुमारास लष्करी डॉक्टर सांगू लागले होते. पुढच्या महायुद्धात ते नव्याने शिकावं लागलं.

त्या युद्धाने दोन निष्कर्ष मागे ठेवले. १९४६च्या एका अमेरिकी अभ्यासानुसार पायदळातला धडधाकट जवानही प्रत्यक्ष लढाईचे २०० ते २४० दिवस गेले की कामातून जातो. त्याच काळातल्या दुसऱ्या पाहण्यांनी दाखवलं की जवान ध्येयवादापेक्षा शेजारच्या सोबत्याच्या जोरावर तग धरतो. आता ताण कमी करायला माणूस बदलावा, की सोबत टिकवायला तुकडी तशीच ठेवावी?

व्हिएतनाममध्ये अमेरिकेने पहिला पर्याय निवडला. नेमणूक १२ महिन्यांची, मरीनना (अमेरिकेच्या सागरी पायदळाला) १३. आणि प्रत्येकाची परतीची तारीख वेगळी. हेल्मेटवर महिन्यांची यादी लिहून एकेक खोडत जाणारे जवान त्या काळच्या छायाचित्रांत दिसतात. नव्याने आलेला पोरगा अनोळखी माणसांत पडायचा. जुने त्याच्याशी अंतर राखून असत, कारण नवखा चुकला की इतरांच्याही जिवावर बेतायचं. लढाऊ तुकड्यांचे अधिकारी तर बरेचदा सहा महिन्यांतच बदलत. वर्ष संपलं की एकट्याने विमानात बसायचं आणि एक-दोन दिवसांत घरी.

या निर्णयाला नुसता मूर्खपणा म्हणणं सोपं आहे, पण न्याय्य नाही. युद्ध चालू असताना मानसिक कारणाने माघारी धाडलेल्यांचं प्रमाण सुरुवातीची काही वर्षं खरंच कमी होतं, आणि धोरणकर्ते त्यावर खूश होते. हिशेब चुकला तो घरी परतल्यानंतरचा. १९८८च्या देशव्यापी पाहणीत सुमारे ३० टक्के पुरुष माजी सैनिकांना कधी ना कधी आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर दीर्घकाळ टिकणारा मानसिक त्रास) झाल्याचं आढळलं. २००६च्या फेरतपासणीत आकडा १९ टक्क्यांच्या आसपास आला. तोही थोडा नव्हे. अर्थात सगळं खापर नेमणुकीच्या पद्धतीवर फोडता येत नाही, मायदेशातल्या थंड स्वागताचाही त्यात वाटा होताच.

ऐंशीच्या दशकात अख्खी तुकडी एकत्र ठेवण्याचे प्रयोग झाले. २००९मध्ये मात्र अमेरिकी लष्कराचा भर पुन्हा एकेका माणसावर आला: १०५ प्रश्नांची ऑनलाइन चाचणी आणि मनोबलाचं प्रशिक्षण. सोबतीचा प्रश्न अवघड, प्रशिक्षण स्वस्त आणि मोजता येण्याजोगं. २०१४च्या स्वतंत्र आढाव्याला त्याच्या उपयोगाचा पुरावा तोकडाच वाटला.

ब्रिटनने अफगाणिस्तानातून परतणाऱ्या तुकड्यांना एकत्रच सायप्रसला साधारण दीड दिवस थांबवून मग घरी सोडायला सुरुवात केली. इराकला गेलेल्या ब्रिटिश सैनिकांवरच्या २००६च्या अभ्यासात जास्त त्रास दिसला तो राखीव दलाच्या, म्हणजे एरवी नागरी नोकरी करणाऱ्या, जवानांत. तेच परतल्यावर पांगतात आणि जिथे कोणी युद्ध पाहिलेलं नाही अशा कचेरीत सोमवारपासून रुजू होतात.