पासपोर्ट नूतनीकरण (भारत)

मुदत संपत आलेल्या, पाने भरलेल्या, फाटलेल्या, हरवलेल्या किंवा तपशील बदललेल्या भारतीय पासपोर्टऐवजी नवा पासपोर्ट मिळवण्याची कार्यपद्धती. जुन्या पुस्तिकेची मुदत वाढवून मिळत नाही. नव्या क्रमांकाची वेगळी पुस्तिका येते आणि म्हणून अर्जात ‘रीइश्यू’ हा पर्याय निवडावा लागतो. पासपोर्ट कायदा, 1967 आणि पासपोर्ट नियम, 1980 यांनुसार हे काम परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत चालते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व नागपूर येथे आणि गोव्यात पणजीला प्रादेशिक कार्यालये आहेत. 2017 पासून टपाल कार्यालयांतही सेवा केंद्रे उघडल्यामुळे जिल्ह्याच्या गावांतील लोकांची मोठी पायपीट वाचली. देशभरच्या पासपोर्ट पुस्तिका नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापल्या जातात.

प्रौढांचा पासपोर्ट 10 वर्षे चालतो. मुलांचा 5 वर्षे किंवा वयाची 18 वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर. मुदतीआधी वर्षभर अर्ज करता येतो आणि तेव्हाच केलेला बरा, कारण अनेक देश प्रवेशाच्या वेळी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. 2012 च्या शुल्कवाढीनंतर 36 पानी पुस्तिकेला 1,500 आणि 60 पानीला 2,000 रुपये पडू लागले. तत्काळसाठी, म्हणजे घाईने पासपोर्ट मिळवण्यासाठी, आणखी 2,000.

अर्ज, शुल्क आणि केंद्रातली वेळ हे सगळे ऑनलाइन होते. केंद्रात टोकन घेऊन ए, बी, सी अशा तीन खिडक्या ओलांडायच्या असतात. पहिल्या खिडकीवर कागद स्कॅन होतात, फोटो काढतात आणि बोटांचे ठसे घेतात. बी खिडकीवर तपासणी होते आणि सीवर मंजुरीचा निर्णय. मूळ जुना पासपोर्ट, त्याच्या पहिल्या व शेवटच्या दोन-दोन पानांच्या स्वतः सही केलेल्या प्रती आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा सोबत लागतो. पत्ता पासपोर्टवर छापलेला असल्याने घर बदलणे हेही नव्या पुस्तिकेचे कारण ठरते. डिसेंबर 2016 च्या सुधारणांनी जोडपत्रे, म्हणजे अर्जासोबत द्यायची घोषणापत्रे, कमी केली आणि ती साध्या कागदावरच्या स्वयंघोषणेने देण्याची मुभा दिली. नोटरीकडची फेरी त्यामुळे टळली, हा सामान्य अर्जदाराला मिळालेला मोठा दिलासा होय.

खरी दमछाक होते ती नावापाशी. मराठी माणसाचे नाव तीन पदरी: स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे, आणि आडनाव. अर्जात मात्र रकाने दोनच, ‘गिव्हन नेम’ आणि ‘सरनेम’. मधले नाव लिहायचे असेल तर ते पहिल्या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडून येते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी, पॅनकार्डावर शेवटी, आधारवर मधल्या नावाचे नुसते आद्याक्षर, असे अनेकांचे असते. त्यात रोमन स्पेलिंगची भर: दीक्षित कोणी ‘एक्स’ घालून लिहितात, कोणी ‘केएसएच’ घालून. म्हणून अर्ज भरण्याआधी सर्व कागद समोर ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहावे आणि चूक आधारवर असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्यावी.

लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती पासपोर्टसाठी नाही. माहेरचे नाव कायम ठेवून पतीचे नाव नोंदवता येते, आणि पदवी-नोकरीचे कागद माहेरच्या नावावर असणाऱ्या स्त्रियांना हाच मार्ग सोयीचा ठरतो. नाव पूर्ण बदलायचे असेल, तर महाराष्ट्रात शासकीय राजपत्रात तो बदल प्रसिद्ध करून घेण्याची वाट रुळलेली आहे.

पोलीस पडताळणी प्रत्येक वेळी होतेच असे नाही. कधी ती आधी, कधी पासपोर्ट हाती आल्यावर होते, कधी लागतच नाही. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळतो. त्यातला व्हिसा चालू असेल तर दोन्ही पुस्तिका एकत्र बाळगून प्रवास करता येतो, मात्र तो व्हिसा देणाऱ्या देशाचा नियम आधी पाहून घ्यावा.

परदेशस्थ भारतीय तिथल्या दूतावासामार्फत अर्ज करतात. परकीय नागरिकत्व घेतलेल्यांना नूतनीकरण मिळत नाही. त्यांनी भारतीय पासपोर्ट परत करायचा असतो. पोर्तुगीज नागरिकत्व घेणाऱ्या गोमंतकीयांना हाच नियम लागू होतो.