वीस केबीचा नियम आणि गॅलरीतला सर्व्हर

नवी मुंबईत महाप्याच्या आमच्या ऑफिसात दर वर्षी एक परिपत्रक निघतं. मेलखालच्या सहीत लोगो लावायचा असेल तर तो ५०० बाय १०० पिक्सेलच्या आत हवा आणि फाइल २० केबीच्या आत. यंदा नव्याने लागलेल्या एका मुलीने विचारलं, "सर, माझ्या फोनमधला एक फोटो चार एमबीचा असतो. हे वीस केबी आलं कुठून?" प्रश्न रास्त होता. परिपत्रक मीच टाइप करतो आणि तो आकडा माझ्या आधीच्या माणसाकडून जसाच्या तसा उचललेला आहे. त्याची कुळकथा मात्र थोडी ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या घरातूनही जाते.

सहीवरचा लगाम चित्रांपेक्षा जुना आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ नावाचा, इंटरनेटवर कसं वागावं हे सांगणारा दस्तऐवज निघाला. त्यात सही साधारण चार ओळींहून लांब नको असं म्हटलंय. कारण सरळ पैशाचं आहे: बरेच जण जोडणीचे पैसे मिनिटावर भरतात, तुमचा मजकूर जितका लांब तितकं त्यांचं बिल मोठं. आपल्याकडे त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं. स्वस्तातल्या खात्यावर नुसती अक्षरं दिसत आणि वर टेलिफोनचा मीटर वेगळा पळे. संगणकाला फोनच्या तारेवरून इंटरनेटशी जोडणारा मोडेम किंचाळायला लागला की आतल्या खोलीतून आई ओरडायची, "किती वेळ? मामाचा फोन यायचाय." त्या दिवसांत चार ओळींची सही हा आगाऊपणा न करण्याचाच एक प्रकार होता.

मग चित्रं आली, आणि ओळींऐवजी वजन मोजायची वेळ आली. इथे जरा आकडेमोड करू. ५०० बाय १०० म्हणजे ५०,००० ठिपके. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्हने आणलेल्या जीआयएफमध्ये एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग बसतात, म्हणजे एका ठिपक्याला एक बाइट. दाबण्याआधीच वजन झालं ४९ केबीच्या आसपास. लोगोत सपाट रंगाच्या पट्ट्या असतील तर जीआयएफची दाबण्याची पद्धत ते १०-१५ केबीवर सहज आणते. सूर्यास्ताचा फोटो असेल तर फारसं काही दबत नाही. आणि चित्र हलतं असेल, तर प्रत्येक चौकटीचं वजन वेगळं चढतं. म्हणजे वीस केबीच्या नियमाचा खरा अर्थ असा की सपाट लोगोला या म्हणायचं आणि फिरत्या तिरंग्याला दारातूनच परत पाठवायचं. मोडेमवर सेकंदाला तीन-चार केबी उतरायचे, त्या हिशेबाने वीस केबीला पाच-सहा सेकंद. माणूस न वैतागता थांबतो तो तेवढाच. आकडा अशाच कुणाच्या तरी अंदाजातून पडला असावा, असं माझं मत आहे.

चित्र मेलला लावायचे रस्ते दोन. एक, ते मेलच्या आतच भरायचं. १९९२ मध्ये मेलमध्ये चित्रं-फाइली कशा भरायच्या हे ठरवणारं माइम हे मानक आल्यापासून हे करता येतं. पण मेलची वाट मुळात अक्षरांसाठी बांधलेली, म्हणून चित्राच्या तीन बाइट्सची चार अक्षरं करून पाठवावी लागतात. पंधरा केबीचा लोगो वीसचा होतो तो तिथेच. दुसरा रस्ता म्हणजे चित्र कुठेतरी ठेवायचं आणि मेलमध्ये फक्त त्याचा पत्ता द्यायचा. वाचणाऱ्याने मेल उघडला की त्याचा संगणक जाऊन ते घेऊन येतो. मेल हलका राहतो. फक्त हे "कुठेतरी" म्हणजे कुठे, हे ठरवावं लागतं.

मी ठरवलं की आपल्या घरीच. २००५ ची गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षीच्या धोरणात सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या किमान २५६ केबीपीएस अशी केली होती आणि टेलिफोन कंपन्या घरोघर एडीएसएलचे, म्हणजे फोनच्याच तारेवरून इंटरनेट देणारे, डबे बसवत होत्या. आमच्याकडेही बसला. नौपाड्यातल्या घराच्या बंद केलेल्या गॅलरीत जुना पेंटियम संगणक होता, त्यावर लिनक्स आणि अपाचे ही फुकट सॉफ्टवेअर टाकून त्याचा सर्व्हर केला, म्हणजे बाहेरून मागेल त्याला फाइली देणारा संगणक. सोसायटीच्या गणपतीचे फोटो त्यावर चढवले आणि माझ्या सहीतलं चित्रही: ठाण्याच्या तलावपाळीची रेखाकृती, खाली नाव, ९० केबी. ऑफिसच्या नियमाच्या साडेचारपट, पण घरच्या मेलला कोण विचारतो!

पहिल्याच दिवशी कळलं की नळ एकाच दिशेने मोठा आहे. माझ्या लाइनवर खाली २५६ केबीपीएस यायचे, वर जेमतेम ६४ जायचे. हे आकडे बिट्सचे, आणि आठ बिट्सचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला आठ केबी. माझ्या मेलमधली तलावपाळी उघडायला एका माणसाला अकरा सेकंद, आणि दहा जणांनी एकदम मेल उघडला तर दोन मिनिटांच्या जवळपास. तेवढ्यात घरात कोणी काही उतरवत असेल तर तेही अडकायचं.

६४ चा आकडा योजनेतला होता, पण असमानपणा हा मुळात तंत्राचाच धर्म होता. एडीएसएलमधला 'ए' म्हणजेच असमान. टेलिफोनच्या तारेवर आवाजाला चार किलोहर्ट्झपर्यंतची जागा लागते. त्याच्या वर २५ ते १३८ किलोहर्ट्झ हा पट्टा घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीला आणि १३८ ते ११०४ हा पट्टा घरात येणाऱ्या माहितीला दिलेला असतो. म्हणजे साधारण आठपट फरक. त्यामागचा विचार बेलकोर या अमेरिकी टेलिफोन संशोधन संस्थेतल्या जोसेफ लेकलायडर यांचा, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातला. एक्स्चेंजमध्ये तारांच्या शेकडो जोड्या एकाच जुडग्यात शिरतात. तिथून निघणारा संदेश ताजा आणि जोरकस असतो, दूरच्या घरून आलेला दमलेला. दोघांना सारखीच जागा दिली तर शेजारच्या तारेतला जोरकस संदेश झिरपून दमलेल्याला बुडवतो. असमान वाटणी केली की एकूण पदरात जास्त पडतं. शिवाय तेव्हा डोळ्यांसमोर होतं ते फोनच्या तारेवरून घरी सिनेमा पोचवणं. घरातून कोणी काही वाढेल, हे त्या ताटात धरलेलंच नव्हतं.

डोंबिवलीला माझ्या मावसभावाकडे बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं होतं. अडीचशे रुपयांच्या योजनेत महिन्याला ४०० एमबी. ९० केबीचं चित्र साडेचार हजार वेळा कोणी उघडलं की महिना संपला! तो पाचशेवाल्या योजनेवर गेला, कारण तिथे रात्री दोन ते सकाळी आठ मोजणी नसे. रात्री गजर लावून उठायचा आणि सगळं तेव्हाच उतरवायचा.

वेग सोडा, दिवे जायचे त्याचं काय? ती भारनियमनाची वर्षं. दादरच्या आत्याकडे वीज जात नसे. आमच्याकडे वेळापत्रकाने जायची आणि वेळापत्रक सोडूनही जायची. यूपीएस वीस मिनिटं तग धरायचा. मग पेंटियम डोळे मिटायचा आणि त्या वेळी जगात जो कोणी माझा मेल उघडेल त्याला सहीच्या जागी पांढरा चौकोन आणि कोपऱ्यात लाल फुली दिसायची. न्यू जर्सीच्या चुलतभावाने एकदा फोनच केला, "दादा, ठाण्यात लाइट गेले का रे? तुझ्या सहीवर फुली आलीय." दिवे आले तरी काम संपत नसे. मोडेम पुन्हा जोडला की आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घराचा क्रमांक, नवा मिळे आणि जुन्या मेलमधली चित्रं अनाथ होत. त्यावर डायनडीएनएससारख्या फुकट सेवा होत्या. घरातला एक छोटा प्रोग्राम नवा पत्ता त्यांना कळवत राही आणि नाव तेच टिके. ही फुकट सोय २०१४ मध्ये बंद झाली.

शहाण्या लोकांनी एवढा उपद्व्याप केला नाही. चित्रं फुकट ठेवून घेणारी इमेजशॅक आणि फोटोबकेट ही दोन्ही संकेतस्थळं २००३ मध्ये निघाली होती, लोक तिथे चित्र टाकून मोकळे झाले. मीही शेवटी तेच केलं. पण फुकटचं घर भाड्याच्या घरापेक्षा कच्चं असतं. फुकट वेबपानं देणारं जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये पाडलं गेलं. फोटोबकेटने २०१७ च्या जूनअखेरीस ठरवलं की बाहेरच्या पानावर चित्र दाखवायचं तर वर्षाला ३९९ डॉलरची योजना घ्या. नाही घेतली त्यांच्या चित्रांच्या जागी रातोरात वेगमापकाचं चित्र आलं. एका रात्रीत इतक्या फुल्या ठाण्याच्या भारनियमनानेही कधी पाडल्या नव्हत्या.

आता गॅलरीत फायबर आहे. केबलवाल्याच्या पोराने अर्ध्या तासात ओढून दिला, वर-खाली सारखेच १०० एमबीपीएस. ९० केबीची तलावपाळी आता सेकंदाच्या शंभराव्या भागात जाईल. हौस म्हणून पुन्हा सर्व्हर लावला, तर बाहेरून दारच सापडेना. राउटरमध्ये पाहिलं तर पत्ता १००.६४ ने सुरू होणारा. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते एकूण सव्वाचार अब्जांच्या घरात. आशियाला वाटणाऱ्या एपनिककडे एप्रिल २०११ मध्ये शेवटचा मोठा गठ्ठा उरला. मग २०१२ मध्ये १००.६४ पासूनचे सुमारे ४२ लाख पत्ते पुरवठादारांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. ते बाहेरच्या जगात चालत नाहीत. आमच्यासारख्या कितीतरी इमारतींना मिळून बाहेर एकच पत्ता असतो; आतून बाहेर जाता येतं, बाहेरच्याने हाक मारली तर कोणत्या घराचं दार उघडायचं हे मधल्या यंत्राला ठाऊक नसतं. स्वतंत्र पत्त्याला दरमहा वेगळे पैसे. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्ते मुबलक आहेत, पण वाचणाऱ्याकडेही ते हवं आणि राउटरची कडीही आपणच काढायची. एप्रिल २०२१ पासून क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीने आपला टनेल फुकट केलाय, त्यातून घरचा सर्व्हर आतून बाहेर बोगदा खणतो. चालतं छान. फक्त पुन्हा दुसऱ्याच्या ओसरीवर बसणं आलं.

रोज ऐरोलीच्या पुलावरून ऑफिसला जाताना मला याची गंमत वाटते. खाडीपलीकडे रबाळे-महापे पट्ट्यात जिथे रसायनांचे कारखाने होते, तिथे आता खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. एमआयडीसीची जमीन आहे, वीज आहे आणि समुद्राखालच्या बऱ्याच केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. २००३ मध्ये निक्सी, म्हणजे देशातल्या इंटरनेट कंपन्यांना आपसात जोडणारा अड्डा, सुरू होण्याआधी दोन भारतीय कंपन्यांच्या ग्राहकांमधली माहिती कित्येकदा परदेशातून वळसा घालून यायची. नौपाड्यातून वाशीला जायलासुद्धा. आता जगाच्या फाइली माझ्या घरापासून काही किलोमीटरवर आहेत आणि माझी स्वतःची फाइल घरातून दाखवायला मला बोगदा लागतो.

त्या मुलीला मी यातलं निम्मंच सांगितलं. ती म्हणाली, मग आता मर्यादा कशाला? मी तिला एक जुनी मेलसाखळी उघडून दाखवली: एकतीस उत्तरं, आणि प्रत्येकाखाली तोच लोगो, आत भरलेला. तिने मोजले, मग काही बोलली नाही. यंदाच्या परिपत्रकात मी २० चे ४० केले. आमचा लोगो १४ केबीचाच आहे.