डॅशबोर्ड खडखडतोय की करकरतोय?

गॅरेजमध्ये गेलं की आपण सांगतो, "डॅशबोर्डमधून आवाज येतोय." मिस्त्री विचारतो, "कसला आवाज?" मग आपण तोंडाने काहीतरी वाजवून दाखवतो. तो एक चक्कर मारून येतो (त्या चकरेत आवाज हमखास येत नाही), ग्लोव्ह बॉक्स उघडतो, दोन-चार फटींत फोमचे तुकडे कोंबतो आणि किल्ली हातात देतो. चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी पुन्हा तेच, आणि कधीकधी आधीपेक्षा जोरात.

माझ्या हॅचबॅकच्या बाबतीत हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा परत जाताना मला कळलं की यात मिस्त्रीची चूक कमी आणि सांगणाऱ्याची जास्त होती. गाडीत एक नव्हे, दोन आवाज होते. मराठीत त्यांना दोन स्वच्छ शब्द आहेत, आणि मी मात्र दोन्हींना मिळून "वाजतंय" म्हणत होतो. एक खडखड, दुसरी करकर.

डब्यात चमचा खडखडतो, झोपाळ्याची कडी करकरते. चमच्याला डब्यात हलायला जागा असते, म्हणून तो पत्र्यावर आपटतो. कडीचं उलटं आहे, तिला जागाच नसते. धातूवर धातू दाबून घासत असतो. चमचा फडक्यात गुंडाळला की गप्प बसतो. कडीत फडकं कोंबून काही होत नाही, तिला तेल लागतं. डॅशबोर्डमध्येही हेच चालतं, फक्त चमचा आणि कडी दोघंही एकाच काळ्या प्लास्टिकमागे लपलेले असतात आणि बाहेरून दोघांचाही आवाज "तिकडून कुठूनतरी" येतो.

आधी खडखड. दोन वस्तूंमध्ये बारीकशी फट आहे आणि गाडीच्या थरथरीने त्यातली एक वस्तू ती फट ओलांडून दुसरीवर आदळते, इतकंच. तुटलेलं प्लास्टिकचं लॉक, निसटलेली क्लिप, परत बसवताना राहून गेलेला स्क्रू, ग्लोव्ह बॉक्सच्या कडेचं पडलेलं रबरी बटण, एसीच्या जाळीची सैल झालेली पाती. आपल्याकडे यात आणखी एक मोठा वाटा असतो तो बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमचा. जुना सेट काढला की मागे वायरींचा जुडगा आणि दोन-तीन रिकामे कनेक्टर उरतात. बसवणारा ते तसेच आत ढकलतो. प्रत्येक खड्ड्याला तो कनेक्टर मागच्या लोखंडी पाइपवर टिचकी मारतो. (डॅशबोर्डच्या मागे एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत पोलादी पाइप गेलेला असतो. स्टिअरिंगसुद्धा त्यालाच धरून असतं.)

काही खडखडी रस्त्यावर अवलंबून नसतात, इंजिनाच्या फेऱ्यांवर असतात. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात. म्हणजे मिनिटाला १८०० फेऱ्या असतील तर सेकंदाला ६० धक्के. तीन सिलिंडरच्या इंजिनात त्याच वेगाला ४५. एखाद्या सैल पट्टीची स्वतःची थरथर नेमकी त्या आकड्याशी जुळली की ती झणझणायला लागते आणि थोडी रेस वाढवली की चूप. "तिसऱ्या गिअरमध्ये चढावर वाजतं, एरवी नाही" असं कुणी म्हणालं तर ही जात ओळखावी. अशी खडखड शोधायला सोपी असते, कारण बरेचदा गाडी जागेवर उभी करून, न्यूट्रलमध्ये रेस देऊनही ती ऐकू येते.

आता करकर. ही जरा आतल्या गाठीची आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले असतात. गाडीचा सांगाडा किंचित पिळवटला की एक पृष्ठभाग दुसऱ्यावर सरकू पाहतो, पण आधी चिकटून राहतो. ताण साचत जातो, मग एकदम निसटतो, पुन्हा चिकटतो, पुन्हा निसटतो. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की कानाला चर्रर्र ऐकू येतं. सारंगीचा गज राळ लावून तारेवर ओढतात तेव्हा याच चिकट-निसट खेळातून सूर निघतो. डॅशबोर्डला राळ कुणी लावत नाही, पण प्लास्टिकच्या काही जोड्या मुळातच अशा चिकटखोर असतात. कोणत्या मालावर कोणता माल घासला तर करकर होईल याची यंत्रावर तपासणी करून जोडीला १ ते १० गुण द्यायची पद्धत जर्मन मोटार उद्योगात आहे. तिथल्या मोटार उद्योगाच्या संघटनेचं, व्हीडीएचं, २३०-२०६ हे तिचं मानक. सहा किंवा त्याहून जास्त गुण पडले तर ती जोडी धोक्याची. म्हणजे करकर ही कारखान्यातल्या हुशार माणसांनाही छळणारी गोष्ट आहे. तुमची गाडी स्वस्तातली असल्याचा हा पुरावा नव्हे.

करकरीत उष्णतेचा मोठा हात असतो. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास तापतो. दीड मीटर लांबीची पोलादी पट्टी ४० अंशांनी तापली तर पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. तेवढीच प्लास्टिकची पट्टी तीन-चार मिलिमीटर सहज वाढते. हा फरक कुठेतरी जिरायला हवा म्हणून बनवणारे क्लिपांची नि स्क्रूंची काही भोकं मुद्दाम लांबट ठेवतात, प्लास्टिकला सरकायला वाव मिळतो. मग कुणीतरी उत्साही माणूस आवाज बंद करायला तिथले स्क्रू गच्च आवळतो. प्लास्टिकचं सरकणं अडतं, ताण साचतो आणि करकर वाढते.

माझ्याकडे फोमनेही नेमकं हेच केलं. डाव्या पिलरची (समोरच्या काचेच्या कडेच्या खांबाची) ट्रिम, म्हणजे प्लास्टिकचं आवरण, आणि डॅशबोर्डची कड जिथे भेटतात तिथे करकर होती. मिस्त्रीने ग्लोव्ह बॉक्सच्या वरच्या फटीत फोम ठासला, त्याने कड ट्रिमवर आणखी घट्ट दाबली गेली. दाब वाढला की घर्षण वाढणार, हे शाळेत शिकलो होतो. चार दिवस हालचाल पार गोठली म्हणून शांतता होती. मग फोम थोडा बसला आणि जोरात सुरू झालं.

तर ओळखायचं कसं? माझा अनुभव सांगतो, रस्ताच अर्धं उत्तर देतो. पेव्हर ब्लॉकचा रस्ता किंवा टोलनाक्याआधीच्या रम्बलर पट्ट्या ही खडखडीची परीक्षा: बारीक, भराभर धक्के. स्पीडब्रेकर तिरका चढवणं किंवा सोसायटीच्या गेटच्या उतारावर एक चाक आधी नेणं ही करकरीची परीक्षा: हळू, पण गाडीला पीळ देणारी हालचाल. पेव्हर ब्लॉकवर वाजतं आणि तिरक्या ब्रेकरवर गप्प, तर खडखड. उलट असेल तर करकर. दोन्हीकडे वाजलं तर माझ्यासारखं, दोन्ही.

दुसरी परीक्षा हाताची. शेजारच्या माणसाला चालवायला द्या आणि तुम्ही तळहाताने डॅशबोर्ड जागोजागी दाबा. खडखड दाबली की थांबते. करकर दाबली की बहुतेक वेळा सूर बदलते, आणि नसलेली करकर दाबल्याने सुरूसुद्धा होते. उभ्या गाडीत मुठीच्या मऊ बाजूने हलके ठोके द्या, खडखड उत्तर देईल. करकर ठोक्यांना दाद देत नाही. तिला पॅनेल सावकाश ढकलून पिळावं लागतं.

तिसरी मला सगळ्यात आवडलेली. फोनवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, गाडीच्या स्पीकरला जोडा, एसीचा पंखा बंद करा आणि ४० हर्ट्झपासून २०० पर्यंत सूर सावकाश चढवत न्या. कुठल्यातरी आकड्याला सैल पट्टी झणझणायला लागेल. आकडा तिथेच थांबवून निवांत शोधता येतं, रस्त्यावर कसरत करावी लागत नाही. मात्र याने फक्त खडखड सापडते. स्पीकर सांगाड्याला पीळ देऊ शकत नाही, त्यामुळे करकर त्याला भीक घालत नाही.

कानावर मात्र फार विसंबू नका. समोरची काच आवाज परतवते, त्यामुळे काचेच्या कडेला होणारा आवाज डॅशबोर्डच्या मधोमध वाटतो. किचन रोलची पुठ्ठ्याची नळी कानाला लावून फटीफटीवर फिरवली तर फरक पडतो. दिसायला वेडगळ दिसतं, खरं आहे.

आणि काहीही उघडण्याआधी गाडी रिकामी करा. डॅशबोर्डवरचा गणपती, सुवासाची बाटली, गॉगलच्या कप्प्यातली सुटी नाणी, दाराच्या खणातली पाण्याची बाटली, स्टिअरिंगखाली लोंबणारा किल्ल्यांचा घोस. बाप्पांच्या खालची दुहेरी टेप उन्हाने सुटलेली असते आणि ते आपल्या आसनावर बारीक ठेका धरून बसलेले असतात. माझ्या एका मित्राची खडखड इथेच संपली.

उपायाचं बोलायचं तर खडखडीला तीन गोष्टी: तुटलेली क्लिप नवी घाला, सैल ते आवळा (बेताने), आणि लोंबती वायर कापडी टेपने गुंडाळून बांधा. इन्सुलेशनची काळी चकचकीत टेप यासाठी वापरू नका. ती उन्हाने चिकट होऊन सुटते आणि आवाजही शोषत नाही. गाडीच्या वायरिंगसाठी लव असलेली टेप मिळते, टेसा वगैरे कंपन्यांची. फोम आपटणाऱ्या दोन वस्तूंच्या मध्येच बसायला हवा. जवळपास कुठेतरी कोंबला म्हणून आवाज थांबत नाही. क्लिपा मात्र आपापल्या मॉडेलच्याच घ्या. ट्रिम काढायला स्क्रू ड्रायव्हर घालू नका, प्लास्टिकची पाती मिळते. नाहीतर एक आवाज काढताना दुसरा बसवून याल.

करकरीला दोनच रस्ते: घासणारे पृष्ठभाग वेगळे करा, नाहीतर गुळगुळीत करा. वेगळे करायला तीच लव असलेली टेप किंवा पातळ फेल्टची पट्टी, एका बाजूला, दिसणार नाही अशी. माझ्या पिलरचा प्रश्न बोटभर पट्टीने सुटला. आधी ठासलेला फोम काढून टाकला, हेही तितकंच महत्त्वाचं. गुळगुळीत करायला सिलिकॉन ग्रीस, तेही कापसाच्या बोळ्याने पुसट. घरात असतं म्हणून मशीनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारू नका. तो उडून जातो, धूळ धरतो आणि काही प्लास्टिकना त्याने बारीक तडे जातात. दाराच्या रबरांना पेट्रोलियमचं ग्रीस तर नकोच, ती रबरं फुगतात. सिलिकॉनचा स्प्रे गाडीत मोकळा फवारू नका. काचेवर बसला तर रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, आणि पुढेमागे पेंटिंग करायचं असेल तर पेंटर वैतागतो, कारण सिलिकॉन लागलेल्या पत्र्यावर रंगाला माशाच्या डोळ्यांसारखी गोल भोकं पडतात.

एवढं करूनही आवाज राहिला तर तो डॅशबोर्डचा नसेल. पुढच्या लिंक रॉडचे (सस्पेन्शनमधल्या जोडदांड्यांचे) बॉल झिजले की छोट्या खड्ड्यांना जी टकटक होते ती पायाशी, डॅशबोर्डच्या खालून आल्यासारखी वाटते. शॉकअपच्या वरच्या माउंटचं रबर गेलं तर स्टिअरिंग वळवताना करकर येते. वायपरखालचं जाळीदार प्लास्टिकही बाहेर असून आत वाजतं. उभ्या गाडीत स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवून आवाज आला, तर आतलं काही उघडायच्या फंदात पडू नका, गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा. या दुरुस्त्या लांबवायच्या नसतात. डॅशबोर्डचा आवाज नुसता डोकं खातो, खालचा आवाज कधीकधी इशारा असतो.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी एक वाक्य: तुमची गाडी जास्त वाजत नाही, तिच्यात इंजिनाच्या आवाजाचं पांघरूण नाही इतकंच.

एक जागा मात्र हौसेने उघडायची नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलना पुढच्या प्रवाशाचीही एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे अलीकडच्या गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या वर ती बसलेली असते. पिवळ्या रंगाचं कनेक्टर किंवा पिवळी वायर दिसली की हात मागे घ्या. एअरबॅगच्या झाकणाच्या शिवणीवर टेप, फोम, काहीही चिकटवू नका; उघडताना वाटेत येईल. तिथला आवाज अधिकृत वर्कशॉपमध्येच दाखवा आणि सांगताना "वाजतंय" म्हणू नका. असं सांगा: "डाव्या बाजूला, एअरबॅगच्या झाकणाशी, करकर. गाडी उन्हात उभी राहिल्यावर, तिरक्या ब्रेकरवर. पेव्हर ब्लॉकवर काही नाही. आधी फोम लावला होता, त्याने वाढलं."