झिजावी, पण सुटू नये

कारखान्यात माल वाहून नेणाऱ्या कन्व्हेयरची चेन तुटली असा निरोप आला की फिटर आधी तुटलेली जागा शोधतो. पुष्कळदा तिथे तुटलेलं असं काही सापडतच नाही. पट्ट्या धड असतात, बुश धड असतो, कुठे तडा नाही, काही वाकलेलं नाही. एक पिन तेवढी जागेवर नसते. ती मागे कुठेतरी जमिनीवर पडलेली असते. ही चेन तुटलेली नाही, सुटलेली आहे. या दोन क्रियापदांमधलं अंतर मला चेनच्या सगळ्या शास्त्रात महत्त्वाचं वाटतं. चेन तुटू नये म्हणून जाड आणि चांगलं पोलाद घेता येतं. ती सुटू नये म्हणून मात्र आकाराचा विचार करावा लागतो, आणि तोही दोन-चार वर्षं चालून झिजलेल्या चेनच्या आकाराचा.

आधी झीज कुठे होते ते पाहू. कन्व्हेयरच्या नेहमीच्या चेनमध्ये दोन प्रकारच्या कड्या एकाआड एक येतात. आतल्या कडीत दोन पट्ट्या असतात आणि त्यांच्या भोकांत दोन बुश, म्हणजे पोलादी नळ्या, घट्ट दाबून बसवलेल्या असतात. बाहेरच्या कडीत दोन पट्ट्या आणि त्यांत तशाच घट्ट बसवलेल्या दोन पिना. पिन बुशच्या आतून जाते आणि तिथेच काय ती हालचाल होते. चेन सरळ धावत असते तेव्हा पिन आणि बुश एकमेकांवर दाबून स्वस्थ असतात. स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चाकावर, चढताना सांधा वळतो, उतरताना पुन्हा सरळ होतो. चाकाला 12 दात असतील तर दर वेळी 30 अंश.

एक हिशोब मांडून बघू. समजा चेनचा पूर्ण वेढा 60 मीटरचा आहे आणि ती मिनिटाला 12 मीटर चालते. म्हणजे पाच मिनिटांत एक फेरी. दोन्ही टोकांना एकेक स्प्रॉकेट, त्यामुळे एका फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा वळतो. तासाला 48 वेळा, 20 तासांच्या दिवसात 960 वेळा, 300 दिवसांत 2,88,000 वेळा. पिनेचा व्यास 20 मिलिमीटर धरला तर एका वळणात ती बुशच्या आत सुमारे 5.2 मिलिमीटर घासते. वर्षाचा प्रवास होतो जवळजवळ दीड किलोमीटर, आणि तो सगळा एका नळीच्या आत, वजनाखाली. बहुधा धूळ, ओल नाहीतर राख यांच्या सोबतीने.

तरी यंत्राला गती देणाऱ्या, वेगात फिरणाऱ्या ड्राइव्ह चेनशी तुलना केली तर हा आकडा फारच लहान आहे. दीड मीटर वेढ्याची चेन सेकंदाला तीन मीटर वेगाने धावत असेल, तर तिचे सांधे तेवढेच वेळा वळायला दहा तास पुरतात. मग कन्व्हेयरची चेन इतकी का झिजते? कारण ती पेटीत बंद, तेलात बुडालेली नसते. उघड्यावर, माल अंगावर सांडत, वजन ओढत ती चालते. तेल द्यायचं राहून जातं, आणि दिलं तरी सांध्याच्या आत पोचेलच असं नाही. तेल पट्टीवर चमकत असतं आणि पिन मात्र कोरडीच असते.

या झिजेलाच बोलीत 'चेन लांबली' म्हणतात. पोलाद काही लांबत नाही. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश मिळून अर्धा मिलिमीटर खाल्ले गेले, तर सांध्यागणिक अर्धा मिलिमीटर मोकळीक वाढते. आपल्या 60 मीटरच्या चेनचा पिच, म्हणजे एका सांध्यापासून पुढच्या सांध्यापर्यंतचं अंतर, 200 मिलिमीटर असेल तर 300 सांधे, म्हणजे एकूण 150 मिलिमीटर. डोळ्यांना न दिसणाऱ्या झिजेची बेरीज पंधरा सेंटिमीटर होते.

त्यातही एक गंमत आहे. आतल्या कडीचे दोन्ही बुश तिच्या पट्ट्यांत पक्के असतात, म्हणून त्या दोघांमधलं अंतर कधीच बदलत नाही. वाढ सगळी बाहेरच्या कडीच्या वाट्याला येते. झिजलेली चेन चाकावर चढते तेव्हा एक पाऊल मापाचं पडतं, पुढचं लांब, पुन्हा मापाचं, पुन्हा लांब. म्हणून एकच कडी मोजून चेनची तब्येत कळत नाही. चेन ताणलेली असताना सम संख्येने कड्या मोजायच्या, आठ किंवा दहा, आणि त्याही वेढ्यात तीन-चार ठिकाणी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. झीज टाळता येत नाही. मग कडी सुटायची कशी टाळायची?

1874 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात विल्यम डाना इवर्ट या शेतीअवजारांच्या व्यापाऱ्याने एका कडीचं पेटंट घेतलं. त्या काळी कापणीयंत्राची चेन शेतात तुटली की रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेले खिळे, काढून ती जोडण्यात कामाचा दिवस जायचा. इवर्टची कडी ओतीव लोखंडाची, चौकटीसारखी होती. एका टोकाला आडवी दांडी, दुसऱ्या टोकाला उघडा हूक. एका कडीचा हूक दुसरीच्या दांडीत अडकवायचा. कड्या एकमेकींवर बऱ्याच दुमडल्या की त्या एका ठरावीक कोनात बाजूने सरकवून सोडवता येत, हत्यार न लागता. चालू यंत्रात चेन इतकी दुमडतच नाही, म्हणून ती सुटत नाही. कल्पना सुंदर होती. शेतकऱ्याला खिशात चार कड्या ठेवून कामाला जाता येऊ लागलं.

पण याच कडीत अडचणीचं बीज होतं. जी दांडी हूकमध्ये घासते, तीच दांडी हूकला धरून ठेवते. घासून दांडी बारीक होते, हूक आतून रुंद होतो, आणि जो कोन एरवी सुटण्यापासून दूर होता तो जवळ येतो. शिवाय झिजेने चेन सैल पडते, सैल चेन परतीच्या बाजूला लोंबते, हिसके खाते आणि जास्त दुमडते. म्हणजे धरण्याची ताकद कमी होत असतानाच सुटण्याचे प्रसंग वाढत जातात. दोन्ही एकाच कारणाने. हलक्या, हळू कामाला ही चेन आजही चालते, पण तिचा ताण सांभाळावा लागतो.

सहा वर्षांनी, 1880 मध्ये, मँचेस्टरला हान्स रेनॉल्ड या स्विस तंत्रज्ञाने बुश रोलर चेन काढली. त्याआधी पिन थेट पट्टीच्या भोकाच्या काठावर घासायची. समजा पट्टी चार मिलिमीटर जाड आहे. दोन पट्ट्या मिळून वजन पेलायला आठ मिलिमीटर. इतक्या अरुंद जागेवर सगळा दाब आला की पिनेत खाचा पडायच्याच. रेनॉल्डने दोन पट्ट्यांच्या मध्ये आडवी नळी घातली. तीच पिन आता नळीच्या संपूर्ण लांबीवर टेकली आणि दाब कितीतरी पसरला. पाठ्यपुस्तकं बुशचं कौतुक इथेच थांबवतात. मला त्याहून मोठी वाटते ती त्यातली कामाची वाटणी. बुश आल्यावर घासण्याची जागा निराळी झाली आणि धरण्याची निराळी. पिनेचा मधला भाग बुशमध्ये झिजतो. पिनेची टोकं बाहेरच्या पट्ट्यांत घट्ट बसलेली, तिथे हालचालच नाही, म्हणून झीजही नाही. मधला भाग कितीही खाल्ला गेला तरी टोकांची पकड पहिल्या दिवसाइतकीच राहते. निदान राहायला हवी.

जुनी, इमानाने झिजलेली पिन हातात घेऊन पाहावी. दोन्ही टोकं मूळ व्यासाची, कोरी. मध्ये एका बाजूला गुळगुळीत, आरशासारखी चमकणारी खोलगट जागा. दोन्ही भागांच्या सीमेवर नखाला जाणवेल अशी बारीक पायरी. दुसरी बाजू जवळजवळ नवी, कारण ओढ कायम एकाच दिशेने असते. ही पिन झिजली, पण तिने कडी सोडली नाही. आता सुटून पडलेली पिन घ्या. हिच्या टोकांवर गोल गोल ओरखडे दिसतील आणि पट्टीचं भोक रुंद झालेलं, त्याच्या काठाला तांबूस भुकटी. ही पिन पट्टीत फिरत होती.

असं का होतं? सांधा कोरडा पडला, गंजला, त्यात माल घुसून बसला, की पिन आणि बुश एकमेकांना चिकटतात. पण स्प्रॉकेटवर सांध्याला वळावं तर लागतंच. बुशमध्ये वळता येत नसेल तर पिन पट्टीच्या भोकात वळते, कारण कुठेतरी वळल्याशिवाय सुटका नाही. एकदा ती फिरली की घट्ट बसवणी सैल होते. मग दर फेरीला भोक थोडं मोठं, पिन थोडी बाजूला. टोकाला कॉटर पिन, म्हणजे आडव्या भोकातून घातलेली अडकवणीची बारीक पिन, असेल तर ती बिचारी घासून तुटते. यात लांबी मोजून काहीच कळत नाही, चेन मापात असतानाच सुटते. एवढासा गंज झीज आपल्या जागेवरून उचलून नको त्या जागी नेऊन ठेवतो.

म्हणून चांगल्या कन्व्हेयर चेनची पिन नुसत्या घट्टपणाच्या भरवशावर सोडत नाहीत. तिच्या टोकाची एक बाजू सपाट कापतात आणि पट्टीचं भोकही तशाच आकाराचं करतात, म्हणजे ती फिरूच शकत नाही. काही चेनमध्ये पिनेचं डोकं इंग्रजी 'टी'सारखं असतं आणि ते पट्टीवरच्या उंचवट्यांत अडकतं. त्यावर बाहेरून रिव्हेट किंवा कॉटर. फिरण्याला अडवणारं एक आणि बाजूला सरकण्याला अडवणारं दुसरं, अशी दोन स्वतंत्र कुलपं.

डोक्यावरून माल वाहून नेणाऱ्या कन्व्हेयरमध्ये एक बिनरिव्हेटची चेन असते, घडीव पोलादाची. तिच्यातला एक प्रकार एक्स-458 या नावाने कारखान्यांत ओळखीचा आहे, पिच सुमारे 102 मिलिमीटर. तिच्यात रिव्हेट नाही, कॉटर नाही, स्क्रू नाही. मधली लांबट कडी, दोन बाजूंच्या कड्या आणि 'टी' डोक्याची पिन. चेन सैल करून कड्या एकमेकींत सरकवायच्या, पिन पाव वळसा फिरवायची, की ती हातात येते. ताण दिला की पिनेची डोकी बाजूच्या कड्यांच्या खोबणीत जाऊन बसतात आणि वळूच शकत नाहीत. घासणं होतं ते पिन आणि मधली कडी यांच्यात. खोबण शाबूत राहते. इवर्टच्या कडीतली सोय इथेही आहे, पण तिची खोट इथे नाही. मात्र हे कुलूप ताणाने बंद राहतं. ताण गेला तर किल्ली कुलपातच आहे असं समजावं.

तो ताण टिकवण्याचं काम टेक-अपचं, म्हणजे टोकाचा शाफ्ट मागे सरकवण्याच्या सोयीचं. चेन 150 मिलिमीटर लांबली तर टोकाचा शाफ्ट 75 मिलिमीटर मागे घ्यावा लागतो, कारण वेढ्याच्या दोन्ही बाजू एकदम ताणल्या जातात. टेक-अपला तेवढी जागा ड्रॉइंगमध्येच ठेवलेली असली पाहिजे. जागा संपली की एक जोडी कड्या काढून चेन आखूड करतात. ते चालतं. पण जुन्या चेनमध्ये मधेच नव्या कड्या घालणं वाईट. त्यांचा पिच वेगळा असतो, त्या दातावर वेगळ्या बसतात आणि दर फेरीला धक्का देतात.

दोन चेन समांतर धावत असतील तर आणखी एक काळजी. एक बाजू जास्त झिजली की मधल्या आडव्या पट्ट्या तिरक्या होतात. चेनवर बाजूने जोर येतो, आणि बाजूचा जोर म्हणजे पिनेला बाहेर ढकलणारा जोर. म्हणून अशा चेन जोडीनेच घ्याव्यात आणि जोडीनेच बदलाव्यात.

चेन कधी बदलायची याचा तीन टक्क्यांचा नियम पुष्कळांना पाठ असतो. लहान पिचच्या रोलर चेनला तो ठीक आहे. 19.05 मिलिमीटर पिचला तीन टक्के म्हणजे जेमतेम 0.57 मिलिमीटर. तोच नियम 200 मिलिमीटर पिचला लावला तर सांध्यागणिक सहा मिलिमीटर झीज चालेल असा अर्थ होतो. पिनेवर उष्णतेने कडक केलेलं कातडं असतं, सहसा एखाद्या मिलिमीटरच्या आसपास जाड, आणि आत चिवट, मऊ गाभा. कातडं आहे तोवर झीज संथ असते. ते संपलं की गाभा भराभर खाल्ला जातो. शिवाय हिशोबाच्या सोयीसाठी 20 मिलिमीटरची पिन चहूकडून झिजून 18 झाली असं धरलं, तर वाकण्याला विरोध करण्याची तिची ताकद साधारण 27 टक्क्यांनी घटते. म्हणून मोठ्या पिचच्या चेनची मर्यादा टक्क्यांवरून काढण्यापेक्षा कडक थर किती उरलाय यावरून ठरवावी. तीन टक्क्यांच्या भरवशावर बसलेली मोठी चेन त्याच्या कितीतरी आधी धोक्यात आलेली असते.

लहान चेनच्या जोडकडीवर स्प्रिंगची क्लिप असते. तिचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. उलटी बसवली आणि काही आडवं आलं, तर क्लिप मागे ढकलली जाऊन उघडते. सगळ्या सांध्यांमध्ये हाच सांधा माणसाच्या हाताने बसवलेला असतो, त्यामुळे तपासणीत आधी त्याच्याकडे बघावं.

हल्ली दोन सेन्सर ठरावीक अंतरावर ठेवून कड्या किती वेळाच्या फरकाने जातात यावरून चालू चेनची लांबी मोजतात. उपयोगी आहे, पण फिरणारी पिन त्यांना दिसत नाही. ती दिसायला रंग पुरतो. चेन बंद करून पुसायची, आणि पिनेच्या टोकापासून पट्टीवर जाईल अशी एक सरळ रेघ प्रत्येक सांध्यावर ओढायची. पुढच्या तपासणीत टॉर्च घेऊन वेढ्याभोवती एक चक्कर मारायची. 300 सांध्यांपैकी 299 रेघा सरळ असतील आणि एकीची दोन शकलं झालेली असतील, पिनेवरची एकीकडे, पट्टीवरची दुसरीकडे. मापात सगळी चेन बरोबर असली तरी तो सांधा त्याच दिवशी काढायचा.