हजेरी, परीक्षा आणि चिठ्ठी : तरुण गायक-वादकांच्या राष्ट्रीय स्पर्धेमागचा इतिहास

सांगलीत तरुण गायक-वादकांची राष्ट्रीय स्पर्धा घ्यायची असं ठरलं, की पहिली बैठक सभागृहाचं भाडं आणि बक्षिसाची रक्कम यांतच संपते. खरा घोळ नियमावली लिहायला बसल्यावर सुरू होतो. वयाची अट काय? प्रत्येकाला किती मिनिटं? परीक्षकांना नाव कळू द्यायचं की नुसता क्रमांक? पेटी चालेल की नाही? यातला एकही प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ यांवर भांडणं झाली आहेत, आणि त्यांतली काही थेट सातारा-मिरज पट्ट्यातली आहेत.

जुन्या काळी बिदागी होती, स्पर्धा नव्हती. संस्थानिक ऐकायचे, खूश झाले की शाल, रोख, कधी नोकरी. तरुण शागीर्दाने किती वर्षांनी एकटं गायला बसायचं हे गुरू ठरवणार. मिरजेजवळच्या बेडगचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) ग्वाल्हेरची गायकी शिकायला घर सोडून गेले, गुरुसेवा करून शिकले आणि ती गायकी महाराष्ट्रात घेऊन आले. त्यांच्या वेळी कुणी त्यांना ‘दहा मिनिटांत विलंबित (संथ लयीतलं) आणि द्रुत (जलद)’ असं सांगितलं असतं, तर बुवांनी तंबोरा खाली ठेवला असता.

त्यांच्याच शिष्याने हा मामला पालटला. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्याने डोळे दुखावले म्हणून उपचारांसाठी मिरजेत आले आणि बुवांकडे शिकले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. तिकीट लावून जाहीर मैफल करायचा पायंडा पाडल्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथे वर्ग होते, अभ्यासक्रम होता, परीक्षा होती. पुढे १९३१ च्या ऑगस्टमध्ये मिरजेतच त्यांचं निधन झालं, आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी ही शिडी आता देशभर पोहोचली आहे, आणि या मंडळाचं गांधर्व निकेतन मिरजेच्या ब्राह्मणपुरीत आहे. घराण्याबाहेरचा, कुणा उस्तादाच्या घरी न राहिलेला मुलगाही शिकू शकतो, त्याला गुण मिळू शकतात, ही कल्पना इथून रुजली. स्पर्धेची मुळं मैफलीत शोधू नयेत, ती परीक्षेत आहेत. आमच्याकडे अजूनही परीक्षकाच्या कागदावर सूर, ताल, रागशुद्धता, सादरीकरण असे रकाने असतात, ते याच वळणाचे.

(नाटकवाल्यांचा हिशेब वेगळा होता. सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांचं नाटक झालं, पुढे संगीत नाटक आलं, आणि प्रेक्षकांनी ‘वन्समोअर’ नावाची स्वतःची गुणपत्रिका काढली. ती कुठे नोंदवली जात नसे, पण गावभर कळायची.)

‘राष्ट्रीय’ हा शब्द संगीताला चिकटला तो परिषदांमुळे. संगीतशास्त्रज्ञ पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. मुळात तिथे रागांची शिस्त, लिपी, शिक्षण यांवर चर्चा व्हायची होती. पण त्यातला एक वाद थेट आपल्या भागातला. आय.सी.एस. अधिकारी क्लेमंट्स आणि निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल (नाटककार देवलांचे बंधू) यांनी १९११ साली साताऱ्यात फिलहार्मॉनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया काढली होती. बावीस श्रुती (सप्तकातले सूक्ष्म स्वर) वाजवणारी खास पेटी करून घ्यावी असा त्यांचा ध्यास. देवलांच्या आधीच्या प्रयोगांत किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी मदत केली होती. ही श्रुतिपेटी बडोद्याच्या परिषदेत आली आणि तिच्यावर जुंपली. गाणाऱ्याच्या गळ्यातला स्वर यंत्रावर मोजता येतो का, हा तो प्रश्न. मला तर आजचे परीक्षक मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपकडे चोरून बघतात तेव्हा देवल आठवतात.

पेटीची गोष्ट इथे संपली नाही. १९४० साली आकाशवाणीने तिला स्टुडिओत मनाईच केली. ही बंदी १९७१ पर्यंत चालली आणि उठली तीही संगतीपुरती. मधल्या तीस वर्षांत रेडिओवर गाणाऱ्यांना सारंगी किंवा व्हायोलिनची साथ मिळवावी लागे. म्हणून एखादा जुना परीक्षक पेटीच्या मागे मागे जाणाऱ्या गळ्याला गुण कापतो, तेव्हा त्याला हट्टी म्हणण्याआधी हा इतिहास बघावा.

स्पर्धेचा आजचा साचा मात्र रेडिओनेच घडवला. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री होते. त्यांनी ध्वनिपरीक्षणाची शिस्त लावली. कलाकार एका खोलीत, ऐकणारे दुसरीकडे, चेहरा दिसायचा नाही, आणि निकालावर श्रेणी. नामांकित खाँसाहेबांना हे अपमानास्पद वाटलं, आणि ते चुकीचं नव्हतं. ज्यांना देश ओळखतो त्यांची पुन्हा परीक्षा कशाला? पण ज्या पोराला कुणीच ओळखत नाही त्याच्यासाठी हाच पडदा सोयीचा ठरला. याच वातावरणात आकाशवाणीची तरुणांसाठीची संगीत स्पर्धा उभी राहिली. तिला वयाची अट सोळा ते चोवीस, विभाग हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही. आधी स्थानिक केंद्रावर ध्वनिमुद्रण होतं, मग दिल्लीला निवड. अश्विनी भिडे-देशपांडे यांना १९७७ साली याच स्पर्धेचं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. १९६३ साली सांगलीला आकाशवाणी केंद्र सुरू झालं आणि जिल्ह्यातल्या मुलांना मुंबई-पुणे न गाठता मायक्रोफोन मिळाला. लाल दिवा लागला की गायचं आणि विझायच्या आत समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायचं, ही मिनिटांची सवय तिथली.

‘सोलो’ हा शब्दही फसवा आहे. अर्जावर ‘एकल’ लिहितात, पण आपल्याकडे एकटा कुणीच नसतो. गायकाला तबला, पेटी, तंबोरा लागतो. तबलजी स्वतंत्र वादन करतो तेव्हाही त्याला नगमा (तालाची आवर्तनं दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) धरणारा लागतो. म्हणून आयोजकाने नेमलेल्या साथीदारांवर अर्धा निकाल ठरतो. कधीही न भेटलेल्या तबलजीला मुलगी आपली पट्टी आणि ताल सांगते : काळी पाच, विलंबित एकताल. तो लय तिच्या सवयीपेक्षा जरा चढी धरतो, की संपलं. आणि गंमत अशी, की तंबोरे घडवणाऱ्या गावाच्या उंबऱ्यावर स्पर्धा भरते, पण मंचावर वाजतो तो इलेक्ट्रॉनिक तंबोरा. मिरजेच्या सतारमेकरांचा धंदा एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातून उभा राहिला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता निदान अंतिम फेरीला तरी खऱ्या तंबोऱ्यांची जोडी लावावी, ती जुळवायला अर्धा तास गेला तरी.

चिठ्ठी उचलून क्रम ठरवणं हा सगळ्यांत न्याय्य मार्ग मानतात. राग मात्र वेळेला बांधलेले. सकाळी दहाची चिठ्ठी निघालेला मुलगा वर्षभर संध्याकाळचा मारवा घोटून आलेला असतो, त्याला ऐनवेळी सकाळची तोडी काढावी लागते. दिल्लीला गेलेल्या ध्वनिमुद्रणात हा प्रश्न झाकला जातो, समोर बसलेल्या सांगलीकरांपुढे झाकला जात नाही.

मिरजेतच याहून निराळा एक मंच आहे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये प्रवासात मद्रासजवळच्या सिंगपेरुमलकोइल स्टेशनवर वारले. त्यांची कबर ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. तिथे कलाकार हजेरी लावायला, म्हणजे श्रद्धेने आपली सेवा रुजू करायला येतो. घंटा नाही, क्रमांक नाही, आणि ‘कुणाला किती’ असं विचारणाऱ्याकडे लोक जरा वेगळ्याच नजरेने बघतात.